वरचा थर माझा

नवीन जालना
२ मार्च २०२५, रविवार

प्रिय नागसेन,

जय भीम.

हे अक्षर कुणाचं ते तू पाकिटावरच ओळखलं असशील, तरी उघडलंस म्हणून बरं वाटलं. फोन तू उचलत नाहीस. तू रागावून गेल्यावर पहिल्या चार महिन्यांत तुला जेवढे फोन लावले तेवढे मी उभ्या आयुष्यात कुणाला लावले नसतील. मग नाद सोडला. कागद फोनसारखा कापता येत नाही, फार तर फाडता येतो. तुझी मर्जी.

काल कुरियरवाला दुकानात एक खोका टाकून गेला. उघडला तर आत काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची मोटार. मोटार म्हणजे नुसता वरचा टप, ना चाकं ना मशीन. हातभर लांब, आणि पातळ इतकी की अंगठ्यानं दाबली तर दबते. सोबत स्प्रेचे चार चिमुकले डबे. मी म्हटलं, हे कुणाचं पोरखेळाचं सामान आपल्याकडे आलं? तेवढ्यात तुझ्या प्रियाचा फोन.

"मोठे पप्पा, ती पप्पांच्या रिमोटच्या गाडीची बॉडी आहे. जुनी फुटली. सोळा तारखेला पुण्यात रेस आहे, त्याच्या आत रंगवून पाठवाल? निळी करा. आणि दारावर आजोबांची सही पाहिजे. बोर्डाच्या कोपऱ्यात करायचे ना, 'रामकिसन पेंटर', अगदी तशी. पप्पा महिनाभर त्या सहीचा फोटो शोधतायत. मोबाईल, अल्बम, सगळं उपसलं. कुठंच नाही. त्यांना सांगू मात्र नका हं."

मी हो म्हणालो. तीस-पस्तीस वर्षं ट्रकवर रंग चढवतोय, हातभर खेळण्याचं काय एवढं? पण दिवसभर हात कामात नाही. तू बाबांची सही शोधतोयस आणि मला विचारत नाहीस, हेच डोक्यात घोळतंय. पोरीला कबूल केलंय, म्हणून हे पत्र आज टाकत नाही. गाडीबरोबर पाठवीन.

त्या बोर्डाचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपला. आपल्या वस्तीतल्या विहाराचा बोर्ड बाबांनी चौऱ्याण्णव साली रंगवला होता, मान्य. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी तो मी नव्यानं रंगवला, कारण समितीनं सांगितलं. पत्रा गंजला होता, अक्षरं उडाली होती. आणि नवा बोर्ड जो करतो त्याची सही येते, हा आपल्या धंद्याचा नियम आहे. तू चौदा एप्रिलला आलास, कोपऱ्यात 'भारत पेंटर' वाचलंस आणि साऱ्या वस्तीसमोर मला विचारलंस, "दादा, बाबांचं नाव कुठंय?" मी म्हणालो, "बाबा गेले. आता शिडीवर मी चढतो." यात खोटं काय होतं? तू भरल्या ताटावरून उठलास, प्रियाचा हात धरलास आणि पुण्याला गेलास.

मी चूक केली असं मला वाटत नाही. एवढंच.

भारत


५ मार्च, बुधवार

नागसेन,

आज माझी चांगली जिरली. ऐकून तुला हसू येईल. ये, हस.

सोमवारपासून बाबांची सही काढायचा प्रयत्न करतोय. रद्दी पेपरवर, दुकानाच्या फळीवर, तुझ्या बेबीनंदा वहिनीच्या पिठाच्या डब्यावरसुद्धा. ती वैतागली, "अवो, डबा तरी सोडा की!" पहिल्या 'र'ची शेपटी सगळ्या नावाखालून ओढत न्यायचे, एवढं पक्कं आठवतं. पण मी ओढली की ती माझीच होते. मी त्या सहीखाली दिवस काढले आणि मला ती येत नाही. समोर फ्लेक्सवाल्याचं मशीन दिवसभर घरघरत असतं, त्यालाही एक फोटो दिला की हवी ती सही छापून मिळते. माझ्याकडे फोटोही नाही.

शेवटी वाटलं, अंदाजानं करू, कुणाला कळतंय! प्रियाचे ते चिमुकले डबे बाजूला सारले. आपला ट्रकचा ऑइल पेंट घेतला. निळ्याचे दोन हात दिले, खाली पांढरा पट्टा, बोनेटवर बारीक वेल, दारावर आठवेल तशी बाबांची सही. नागसेन, काय झाली होती! एमआयडीसीतले दोन ड्रायव्हर नंबर टाकून घ्यायला आलेले, ते हातात घेऊन फिरवत बसले. मी दिमाखात फोटो काढून प्रियाला पाठवला.

पोरगी फोनवर किंचाळलीच. "मोठे पप्पा! बाहेरून?"

म्हटलं मग काय आतून रंगवतात?

तर हो. आतूनच रंगवतात म्हणे. रेसमध्ये गाडी उलटते, घासते, धडकते. बाहेरचा रंग एका फेरीत निघून जाईल. म्हणून रंग आतल्या बाजूनं द्यायचा आणि तो बाहेरून दिसायचा. बाहेर नुसती एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, सगळं झाल्यावर सोलून टाकायची. माझे दोन हात, माझा पट्टा, माझी वेल, सगळं त्या फिल्मवर. आणि ते बारके डबे खास त्या प्लास्टिकसाठीचे होते, ज्यांना मी हात लावला नाही.

"सोलून टाकू का मग?" मी विचारलं.

"आत्ता नको. आतून मारताना स्प्रे बाहेर उडतो, फिल्म असू द्या. शेवटी काढा. आणि मोठे पप्पा, आतून सगळं उलट्या क्रमानं करायचं. सही पहिली, निळा नंतर. सहीसुद्धा उलटी काढायची, आरशातल्यासारखी."

मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर ओढून चहा प्यायला गेलो. चहा तसाच ठेवून परत आलो. ट्रकवर चुकलं तर वरून अजून एक हात मारतो, चूक गायब. माझं सारं काम यावरच चाललंय. इथं जे पहिलं लावलं तेच कायम दिसणार, मागून कितीही रंग ओता. असलं काम मी कधी केलेलं नाही. बाबा करायचे, दुकानांच्या काचांवर. आणि तू त्यांच्याबरोबर जायचास. मी इथं ट्रकच्या फळ्या घासत बसायचो.

आणखी एक. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं. मागच्या बंपरवर, कोपऱ्यात, मी 'भारत पेंटर' लिहिलंय. कधी लिहिलं ते मला आठवत नाही. हातानं आपोआप लिहिलं.

भारत


९ मार्च, रविवार

नागसेन,

तीन दिवस दुकान बंद आहे. गिऱ्हाईकं फोन करून शिव्या घालतायत.

मी सही शोधतोय. शुक्रवारी भोकरदनची एस.टी. धरली, तिथून काळीपिवळी जीपनं पिंपळगाव रेणुकाईला गेलो. शाळेच्या भिंतीवर बाबांनी देशाचा नकाशा काढला होता, त्याच्या खाली सही होती, मला पक्कं आठवत होतं. भिंतीला आता फरशी लावलीय. हेडमास्तर सज्जन माणूस, म्हणाला, "फरशी काढता येत न्हाई, साहेब, पण खाली असंल तुमच्या वडलांचं नाव." एका पिठाच्या गिरणीवर होती, ती गिरणीच पडली. जालन्यात तर विचारूच नकोस. बियाण्यांच्या कंपन्यांचे, अडतीचे, बँकांचे जेवढे बोर्ड त्यांनी केले, त्यांच्या जागी सगळीकडे फ्लेक्स आणि लायटिंग. चाळीस वर्षं एका माणसानं या जिल्ह्यात आपलं नाव लिहिलं, आणि दोन दिवस हिंडून मला ते एकदा वाचायला मिळेना.

काल रात्री बेबीनंदाच म्हणाली, "तीर्थपुरीला काचेचं काम केल्तं ना मामंजींनी? कापडाच्या दुकानात?" आज सकाळी अंबडवरून तीर्थपुरीला गेलो.

काकासाहेबांचं दुकान आहे तिथंच आहे. म्हातारा थकलाय, पण गल्ल्यावर बसतो. मी ओळख सांगायच्या आत म्हणाला, "रामकिसनचा थोरला ना तू? ये, बस. चाय सांगतो." आणि त्याच्या मागे, साड्यांच्या भिंतभर, माणूस आत बसेल एवढ्या कपाटाच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात. जशीच्या तशी. नव्वद सालची. एक टवका उडालेला नाही, कारण रंग काचेच्या आत आहे. पस्तीस वर्षं पोरं ती काच पुसतायत आणि सही तिथंच आहे.

'र'ची शेपटी शेवटी वर वळते, नागसेन. वर वळून एक ठिपका येतो. मी ती शंभरदा पाहिली असेल आणि हे मला माहीत नव्हतं.

काकासाहेब बोलत होते, "पोरगं म्हणून राह्यलं, बाबा, नवीन काचा टाकू. मी म्हणलं, मी हाये तवर ह्या न्हाई निघायच्या. तुझा बाप इथं आतून लिहीत बसल्ता आन् तुझा लहाना भाऊ भाईर उभा. एवढुसा होता. बापाला आतून कळायचं न्हाई बराबर आलं का न्हाई, मंग ते पोरगं भाईरून वाचायचं. एखादं अक्षर उल्टं दिसलं की जे वरडायचं, 'बाबा, उल्टं!' अख्खा बाजार हसायचा. तुझा बाप बी हसायचा. कुठं असतो आता तो?"

मी म्हणालो, पुण्याला, कंपनीत.

"येतो का?"

मी म्हणालो, येतो की.

मग काचेवर ट्रेसिंग पेपर धरला आणि पेन्सिलीनं सही उतरवून घेतली. दोनदा कागद बदलला. एस.टी.त तो कागद गुंडाळून शर्टाच्या आत धरून बसलो, घामानं ओला होईल म्हणून परत बाहेर काढला, वाऱ्यानं उडेल म्हणून परत आत. शेजारची बाई विचारायला लागली, बरं वाटत नाही का भाऊ?

भारत


११ मार्च, मंगळवार

नागसेन,

कागद तयार आहे, डबे तयार आहेत. बॉडी आतून भांड्याच्या साबणानं धुऊन वाळवून ठेवलीय, प्रियानं सांगितल्याप्रमाणे. खिडक्यांना आतून टेप लावलाय. काल सकाळपासून ब्रश हातात घेतो आणि खाली ठेवतो.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते फाडणार होतो, पण राहू दे, तू वाच.

समितीनं बोर्ड नवा करायला सांगितलेला नव्हता. "अक्षरं नुसती उजळून द्या, भारतभाऊ, हात रामकिसनचाच राहू द्या," असं म्हणाले होते. आणि सगळी अक्षरं उडालेली नव्हती. वरच्या ओळीची उडाली होती. सही तर खालच्या कोपऱ्यात आडोशाला होती, तिला ना ऊन लागलं ना पाऊस. ठणठणीत होती. मी शिडीवर चढलो आणि पॉलिश पेपरनं सगळ्यात आधी तीच घासली. बाकीच्या अक्षरांना हात लावायच्या आधी.

का, ते सांगतो. चोवीस वर्षं मी त्यांच्याबरोबर शिडीवर होतो. निम्मे बोर्ड माझ्या हातचे. खाली सही त्यांची. एकदा मी म्हणालो, माझंही नाव टाका की बाजूला. तेव्हा मला एक पोरगी झालेली होती, शाळेत घालायला आलेली. बाबा म्हणाले, "अजून तुझा हात बसला न्हाई." नागसेन, तो त्यांच्या लेखी कधीच बसला नाही. ते गेले तेव्हा मी पन्नाशीचा होतो. आणि नंतरही विहारासमोर जो तो थांबायचा आणि म्हणायचा, "काय हात होता रामकिसनचा!" मी शेजारी उभा असायचो. तुला तर ते काचांवर, गावोगाव बरोबर न्यायचे, खांद्यावर बसवून बाजार दाखवायचे. माझी जळफळ व्हायची, मेलेल्या बापावर आणि पुण्यातल्या भावावर. माझ्या हातात पॉलिश पेपर होता. खाली पत्रा दिसेपर्यंत घासलं.

आणि ही सगळ्यात वाईट गोष्ट. तू प्रियाला म्हणालास म्हणे, "एक दिवस जाऊन दादाचा वरचा थर खरवडून काढीन, खाली बाबा आहेत." तिनं मला परवा सहज सांगितलं. तुला वाटत असेल मी त्यांच्यावर नुसता रंग मारला. नाही रे. माझ्या रंगाखाली काही नाही. तू खरवडलंस तर पत्रा लागेल.

हे दोन वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं. फोन उचलला असतास तरी सांगितलं नसतं, हे मला माहीत आहे. मला लाज वाटते. आता हे वाचल्यावर तू कधीच बोलणार नाहीस असंही वाटतं. तरी लिहिलं, कारण मनात हे ठेवून बाबांची सही काढायला बसलो तर हात चालेना.

भारत


१३ मार्च, गुरुवार

नागसेन,

झालं.

काल पहाटे उठून बसलो. सहीचा कागद उलटा करून, खाली कार्बन ठेवून दाराच्या आतल्या बाजूला छाप घेतला. जागा एवढी अडचणीची की माझा आख्खा पंजा आत जाईना, दोन बोटांत ब्रश धरून काम केलं. पांढऱ्यानं सही. आधी 'पेंटर', मग मागे मागे येत 'रामकिसन'चा 'र'. शेपटी शेवटी. ती वर वळवली आणि ठिपका दिला. वाळेपर्यंत दुकानात येरझाऱ्या. मग मागून निळा, पातळ पातळ पाच हात. एकदम जाड दिला तर ओघळतो म्हणे.

आता नीट ऐक. बाहेरून माझा ऑइल पेंट तसाच आहे, त्यामुळे आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. मीही पाहिलेलं नाही. छाप घेताना कागद तीनदा उलटसुलट केला, शेवटी तो कुठल्या बाजूनं बसला होता ते आता मला छातीठोक सांगता येत नाही. ब्रश हातात असताना मी वाचत नव्हतो, नुसती रेघ धरून चाललो होतो. निळा बसल्यावर आता आतूनही काही कळत नाही. काल दिवसभर हाच एक घोर. बेबीनंदा म्हणाली, "अवो, एक कोपरा सोलून बघा न् जीव थंड करा. असं काय करून राह्यले?" मी नखही लावलं, पुढच्या चाकाजवळ. मग सोडून दिलं.

सोलायचं काम तुझं आहे.

तुला खरवडायचं होतं ना? विहाराच्या बोर्डावर ते आता होणार नाही, ते मी होऊ दिलं नाही. तिथं काल दुपारी शिडी लावून कोपऱ्यातलं माझं नाव पुसून आलो. त्या जागी बाबांचं नाव टाकलेलं नाही. तो बोर्ड त्यांनी केलेला नाही, त्यांच्या नावावर तो खपवायचा हक्क मला नाही. कोपरा रिकामा आहे. खालून लोक विचारत होते, मी कारण सांगितलं. दोघं-तिघं पाठ फिरवून निघून गेले.

पण ही गाडी तुझी आहे. हिच्यावर वरचा थर माझा. पट्टा माझा, वेल माझी, दारावरची ती चुकीची सही माझी, बंपरवर 'भारत पेंटर' मी. पुढच्या चाकाजवळ फिल्मचा कोपरा सुटलेला दिसेल, तिथून धर आणि ओढ. हळू नको, एका दमात ओढ, म्हणजे माझं सगळं एकदम निघून येईल. चुरगाळून फेकून दे. खाली बाबा असतील. या खेपेला खरंच असतील. आतल्या रंगावर माझी सही कुठेही नाही, शोधू नकोस.

खोका प्रियाच्या नावानं पाठवायचा होता, मी तुझ्या नावानं पाठवतोय. पोरीवर रागावू नको, तिचा काही दोष नाही. सगळी पत्रं गाडीच्या पोटात ठेवलीत, आधी पत्रं वाच आणि मग सोल. उद्या धुळवड, कुरियर बंद. दुपारी चारला शेवटची गाडी आहे, म्हणून घाईत लिहितोय. पोरगा खोका न्यायला दारात उभा आहे आणि मी अजून टेप लावलेला नाही.

बाबा आत बसून लिहायचे आणि बाहेर उभा राहून सांगणारा तू होतास. मी आत बसून लिहिलंय. बाहेरून कसं दिसतं ते सांगणारं माझ्याकडे कुणी नाही.

उलटं आलं असेल तर फोन कर आणि वरड, तीर्थपुरीला वरडायचास तसा. बरोबर आलं असेल तरी कर.

तुझा दादा